‘तीन आठवडे झाले तरी डोळा लवतोच’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार दिलात. लिहिलंत की डोळा लवणं थांबवायचं दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणून पैसे घेतले, तरी कानामागे टाके आहेतच, तीन आठवड्यांनीही डोळा लवतोय, म्हणजे ऑपरेशन फेल. आणि काउंटरवर कुणी धड बोललं नाही. काउंटरबद्दल माफी मागतो. त्या दिवशी तिथे एकच मुलगी होती, पण ती आमची अडचण, तुमची नव्हे.

तुमची फाइल इथे उघडणार नाही. पण ‘फेल’ हा शब्द लागला. तो वाचून कालच इंदूरमधल्याच दोघांनी अपॉइंटमेंट रद्द केली. इथे दहा खाटांचं हॉस्पिटल आहे, दुर्बिणीचे हप्ते अजून चालू आहेत.

या आजारात चेहऱ्याची नस मेंदूच्या देठातून निघते तिथेच एखादी रक्तवाहिनी तिला टेकते आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तिला धक्का देते, म्हणून डोळा लवत राहतो. कानामागे नाण्याएवढी वाट करून आम्ही ती वाहिनी दुर्बिणीने शोधतो, अलगद बाजूला सारतो आणि मध्ये टेफलॉनचा कापसासारखा बोळा ठेवतो. दुर्बिणीमुळे आडोशामागचं दिसतं. कातडी न कापता आत जाता येत नाही, ताई. आता वर्षानुवर्षं धक्के खाल्लेली नस, धक्का थांबला म्हणून त्याच दिवशी निवत नाही. कुणाचं टेबलावरच थांबतं, कुणाला आठवडे लागतात, कुणाला महिने. वर्षभर वाट पाहिल्याशिवाय आम्ही फेल म्हणत नाही. (आपल्याकडे बाईचा डावा डोळा लवला की शुभ म्हणून लोक दोन-दोन वर्षं काढतात, तेव्हा मात्र कुणाला घाई नसते.)

हे मी प्रत्येकाला ऑपरेशनआधी केस पेपरच्या मागे चित्र काढून सांगतो. नस निळी, वाहिनी लाल, खाली ‘१ वर्ष’ आणि त्याखाली दोन रेघा. तो कागद घरात सापडतो का बघा. ऐकू कमी येण्याचा धोका त्यातच लिहिलेला असतो. लवणारा स्नायू सैल पाडणाऱ्या बोटॉक्सच्या सुया हा पर्यायही सांगतो. त्या दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा घ्याव्या लागतात. ऑपरेशनच करा म्हणून मी कुणाच्या मागे लागत नाही.

काउंटरचं बघतोच आहे, तिथे आणखी कुणीतरी लवकरच येईल. तपासणीला या, फी नको. आणि जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखं काही येत असेल, तर हे वाचत बसू नका, आत्ताच या.