दोघांची नाव: ताकदीपेक्षा पाळी महत्त्वाची

दोघांनी वल्हवत अटलांटिक पार करण्यावरचा हा लेख मनापासून आवडला. मात्र त्यात ताकद आणि व्यायाम यांना जेवढी जागा दिली आहे, तेवढी झोपेला आणि जोडीदाराच्या सवयींना द्यायला हवी होती. अशा नावेत सहसा दोन-दोन तासांच्या पाळ्या असतात, म्हणजे एक वल्हवत असताना दुसऱ्याने जेवायचे, खाऱ्या पाण्याने चिघळलेल्या कातडीला मलम लावायचे आणि उरलेल्या वेळात झोपायचे, असे आठवडेच्या आठवडे चालते. रात्री पाळी बदलताना खरी कसोटी लागते. एक जण बाहेर आणि दुसरा आत जाताच केबिनचे दार घट्ट लावावे लागते, कारण नाव उलटली तर बंद केबिनमधली हवाच तिला पुन्हा सरळ करायला मदत करते. अर्धवट झोपेत दार उघडे राहिले तर दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

१८९६ मध्ये अटलांटिक वल्हवत पार करणाऱ्या हार्बो आणि सॅम्युएलसन या जोडीला तर केबिनच नव्हती! न्यूयॉर्कहून अठरा फुटी उघड्या होडीतून निघालेल्या या दोघांनी, वाटेत होडी उलटून अन्न वाहून गेल्यावरही, ५५ दिवसांत इंग्लंडजवळची सिली बेटे गाठली.

पंचगंगेच्या पुरात होडी प्रवाहाला आडवी होऊ न देणे किती अवघड असते, हे आमच्या आंबेवाडी-चिखलीकडच्या लोकांना ठाऊक आहे. समुद्रात पाळी बदलण्याच्या त्या क्षणांतही, वल्ही थांबलेली असल्याने, नाव लाटांना आडवी होण्याची भीती असते. पुढील भागात लेखकाने या अदलाबदलीच्या सरावाविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.