शत्रूची आई

“हे अथेन्स नेमकं आहे तरी कुठे?”

इराणची राजमाता दरबारातल्या वृद्ध मंत्र्यांना विचारते. मुलगा तिकडे लढायला गेलाय, रात्री वाईट स्वप्न पडलंय आणि ते शहर पृथ्वीच्या पाठीवर कुठल्या बाजूला आहे हेही तिला धड ठाऊक नाही. मंत्री सांगतात, फार लांब, सूर्य मावळतो तिकडे. मग ती विचारते, त्यांचा धनी कोण? उत्तर येतं, ते कुणाचे गुलाम नाहीत, कुणाची प्रजा नाहीत.

हा प्रसंग एस्किलसच्या ‘पर्शियन्स’ या नाटकातला. प्रयोग झाला इ.स.पू. 472 मध्ये, खुद्द अथेन्समध्ये. या राजमातेचा मुलगा म्हणजे सम्राट झर्क्सिस. जेमतेम आठ वर्षांपूर्वी, इ.स.पू. 480 मध्ये, त्याच्या सैन्यानं हेच शहर जाळलं होतं. अक्रोपोलिसवरची देवळं जाळली होती. नाटक बघायला लोक बसले होते ते त्याच टेकडीच्या दक्षिण उतारावर. पार्थेनॉन या देवळाचं बांधकाम सुरू व्हायला अजून पंचवीस वर्षं होती, त्यामुळे पाठीमागे वर होती ती जळक्या देवळांची पडझड. आणि समोर, ज्यानं ती जाळली त्याची आई रडत होती.

मागच्या एप्रिलमध्ये मी त्या उतारावर बसून आलो. आमचा गट तिकीट काढून थेट वर पार्थेनॉनकडे गेला, मी खालीच थांबलो. तिथे आज दिसतात ती दगडी आसनं नंतरच्या शतकांतली, एस्किलसच्या काळी लाकडी बाकं होती. पण उतार तोच. हौशी रंगभूमीवर वीसेक वर्षं काढल्यामुळे असेल, मला त्या खांबांपेक्षा हा उतार जास्त बोलतो. तासभर बसलो आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

ग्रीक संस्कृती म्हटलं की आपल्यापुढे पांढरेशुभ्र संगमरवरी पुतळे येतात, भूमितीची प्रमेयं येतात, सॉक्रेटिसच्या नावावर खपवलेले सुविचार येतात. पुतळे सुंदर आहेतच. (तसे ते मुळात पांढरे नव्हते, रंगवलेले असायचे.) पण त्या लोकांचं सगळ्यात मोठं काम कुठलं असं मला विचाराल तर मी या उताराकडे बोट दाखवीन. अख्ख्या शहरानं सार्वजनिक उत्सवात, देवाच्या साक्षीनं, शत्रूचं दुःख समोर उभं करून बघितलं. याच्याइतकं अवघड काम दुसरं कुठलं मला तरी ठाऊक नाही.

नाटक घडतं सूसा या इराणी राजधानीत. त्यात एकही ग्रीक पात्र नाही. एकाही ग्रीक वीराचं नाव उच्चारलं जात नाही, ज्याच्या डावपेचांमुळे सलामिसची समुद्रातली लढाई ग्रीकांनी जिंकली त्या थेमिस्टोक्लीसचंसुद्धा नाही. पडलेल्या इराणी सरदारांची नावं मात्र एकामागून एक येत राहतात. दूत येऊन सांगतो, पाण्यात पडलेल्या आमच्या माणसांना त्यांनी मोडक्या वल्ह्यांनी हाणलं, जाळ्यात सापडलेल्या ट्यूना माशांना हाणतात तसं. ट्यूना म्हणजे आपला कुपा. कोकणातल्या वाचकाला हे दृश्य समजावून सांगायला नको. आणि ती वल्ही ज्यांच्या हातात होती ते लोक प्रेक्षकांत बसले होते! स्वतःचा पराक्रम ते मार खाणाऱ्याच्या तोंडून ऐकत होते.

एस्किलस घरात बसून लिहिणारा माणूस नव्हता. इ.स.पू. 490 मध्ये तो मॅरेथॉनच्या लढाईत इराण्यांशी लढला. इतिहासकार हेरोडोटस लिहितो की त्याचा भाऊ तिथेच पडला, इराणी जहाजाची पिछाडी धरून ठेवताना कुऱ्हाडीनं हात तुटून. ज्याचा सख्खा भाऊ इराण्यांनी मारला, त्यानं हे लिहिलंय. झर्क्सिसच्या मेलेल्या बापाचं, दरायसचं भूत थडग्यातून उठून झर्क्सिसच्या उन्मत्तपणाला दोष देतं, पुढच्या पराभवाचं भाकीत करतं. एवढं सगळं ऐकून झाल्यावर राजमातेला सर्वांत जास्त काय लागतं? आपला मुलगा फाटक्या कपड्यांत परत येतोय हे. त्याच्यासाठी चांगले कपडे आणायला ती आत जाते. साम्राज्य बुडालंय आणि आई कपडे शोधतेय. मी जेव्हा जेव्हा तिथवर येतो, तेव्हा तेव्हा पुस्तक मिटून ठेवतो.

काही अभ्यासक म्हणतात, यात सहानुभूती वगैरे काही नाही, हरलेल्या शत्रूला रडताना बघण्याची मजा आहे. थोडीफार मजा असेलही, ती हजारो माणसं काही संत नव्हती. पण नुसता जल्लोषच करायचा असता तर त्या आईची गरज नव्हती. पळून आलेला झर्क्सिस पुरेसा होता.

या नाटकाच्या कोरसचा, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाचा, खर्च उचलला विशीतल्या पेरिक्लीसनं, पुढे ज्याच्या काळात पार्थेनॉन उभं राहिलं त्यानंच. श्रीमंत नागरिकांवर शहर अशी कामं कर्तव्य म्हणून सोपवत असे: कुणी युद्धनौका सांभाळायची, कुणी कोरस. युद्धनौका आणि कोरस एकाच यादीत! डायोनिसस या देवाच्या वसंतोत्सवात तीन कवींची स्पर्धा व्हायची, आणि त्या वर्षीचं पहिलं बक्षीस एस्किलसला मिळालं.

त्याच्या वीसेक वर्षं आधीची एक गोष्ट याच्या शेजारी ठेवून बघा. मिलेटस हे ग्रीकांचं समुद्रापलीकडचं शहर, अथेन्सशी रक्ताचं नातं सांगणारं. इ.स.पू. 494 मध्ये इराण्यांनी ते उद्ध्वस्त केलं. फ्रिनिकस नावाच्या कवीनं त्यावर नाटक केलं, तेव्हा अख्खं प्रेक्षागार रडलं. मग अथेन्सनं त्या कवीला 1000 द्राख्मांचा दंड ठोठावला आणि ते नाटक पुन्हा कुणी करायचं नाही असा हुकूम काढला. कारण काय, तर त्यानं आमच्याच जखमेची आठवण करून दिली.

स्वतःच्या माणसांच्या दुःखाला दंड आणि शत्रूच्या दुःखाला पहिलं बक्षीस. मी यावर पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं, आपल्या दुःखात माणूस बुडून जातो, त्याला काठ राहत नाही. शत्रूच्या दुःखाकडे बघायला मात्र अंतर मिळतं, आणि त्या अंतरातून एखाद्याला आपलंही दिसून जातं. ॲरिस्टॉटलनं पुढे शोकांतिकेबद्दल करुणा आणि भय या दोन भावनांची जोडी सांगितली, तिचा अर्थ मला या दोन नाटकांमुळे लागला. त्याचं वाईट झालं ही करुणा. माझंही होऊ शकतं हे भय.

हे एस्किलसला सुचलं ते आभाळातून नव्हे. ‘इलियड’ संपतं ते ग्रीकांच्या विजयानं नाही, ट्रॉयच्या हेक्टरच्या अंत्यविधीनं संपतं. म्हातारा प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत जातो, ज्यानं आपला मुलगा मारला त्या अकिलिसचे हात चुंबतो आणि प्रेत मागतो. मग दोघंही रडतात, आपापल्या माणसासाठी. इथे मराठी वाचकाला महाभारतातलं स्त्रीपर्व आठवणारच, आणि आठवायलाच हवं. शंभर मुलं गमावलेली गांधारी कुरुक्षेत्रावर अभिमन्यूच्या प्रेताशी बसलेल्या उत्तरेसाठीही कळवळते. ती उंची आपल्याकडेही आहे, म्हणूनच ही ग्रीक नाटकं मला परकी वाटत नाहीत. पण अथेन्समध्ये एक गोष्ट वेगळी होती. त्यांनी शत्रूचा शोक पुराणकाळात ठेवला नाही, राख नीट निवायच्या आत रंगमंचावर आणला.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून मला अथेन्सचं कौतुक करायचं नाही. हेच शहर गुलामांच्या श्रमांवर उभं होतं, लॉरियमच्या चांदीच्या खाणींत ते गुलाम मरत होते. बायकांना सभेत मत नव्हतं. इ.स.पू. 427 मध्ये मिटिलिनी शहरानं अथेन्सविरुद्ध बंड केलं, तेव्हा अथेन्सच्या सभेनं तिथल्या सगळ्या पुरुषांना मारायचं ठरवलं आणि जहाज धाडलं. दुसऱ्या दिवशी मन खाऊ लागलं, पुन्हा मतदान झालं, थोड्या मतांनी निर्णय फिरला आणि मागोमाग दुसरं जहाज सुटलं. इतिहासकार थ्युसिडिडीज लिहितो की त्या वल्हेकऱ्यांनी वल्हवता वल्हवताच दारू-तेलात कालवलेलं जवाचं पीठ खाल्लं, आळीपाळीनं झोपले, आणि ऐन वेळी पोचले. पहिल्या जहाजाचे लोक असल्या कामावर निघालेत म्हणून सावकाश चालले होते. वल्हेकऱ्यांचे हात जड होणं, याला मी संस्कृती म्हणतो.

आणि मग अकरा वर्षांनी मेलोस. छोटंसं बेट, अथेन्स आणि स्पार्टाच्या युद्धात आम्हाला कुणाच्याच बाजूनं पडायचं नाही म्हणणारं. अथेन्सनं वेढा घातला, हाती लागलेले पुरुष मारले, बायकामुलं गुलाम म्हणून विकली. या वेळी दुसरं जहाज सुटलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच, इ.स.पू. 415 च्या वसंतोत्सवात, युरिपिडीसनं ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ हे नाटक केलं. मेलोस डोळ्यांपुढे ठेवूनच त्यानं ते लिहिलं असा दावा मी करणार नाही. पण बघणाऱ्याला मेलोस आठवल्याशिवाय राहिलं असेल का? त्या काळी नाटकांआधी याच रंगभूमीवर मांडलिक शहरांकडून आलेली खंडणी मांडून दाखवत. युद्धात बाप गेलेली, शहरानं सांभाळून मोठी केलेली मुलं नव्या चिलखतात मिरवत. आणि लगेच त्याच मातीवर पडलेल्या शहरातल्या बायका, कोण कुणाच्या वाट्याला जाणार याची चिठ्ठी निघायची वाट बघत बसलेल्या. हेक्टरच्या लहानग्याला ग्रीक तटावरून खाली फेकतात. त्याचं प्रेत बापाच्या ढालीवर घालून आजीकडे आणतात. आजी म्हणते, तू माझ्या अंथरुणात उडी मारून सांगायचास ना, की आजी, तू गेलीस की मी केस कापून तुला वाहीन, सवंगड्यांना घेऊन तुझ्या थडग्यावर येईन. आता मीच तुला पुरतेय.

या वेळी ग्रीक म्हणजे खलनायक होते. नाटकाला दुसरं बक्षीस मिळालं.

त्याच उन्हाळ्यात अथेन्सचं प्रचंड आरमार सिसिली जिंकायला निघालं. नाटकानं त्यांना थांबवलं नाही. असं असेल तर नाटकाचा उपयोग काय, हा प्रश्न माझा एक मित्र मला नेहमी विचारतो. मला तो प्रश्नच पटत नाही. नाटक म्हणजे लगाम नव्हे. पण ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ असं म्हणायची सोय त्या शहराला राहिली नाही, ती त्यांच्याच कवींनी काढून घेतली. आणि त्या कवींना शहरानं दर वसंतात पुन्हा बोलावलं. वेढा असो, दुष्काळ असो, साथ असो, कुठल्याही शहराला आपल्याबद्दल हे खरं ऐकायची भूक असावी, असं मला मनापासून वाटतं.

सिसिलीची मोहीम इ.स.पू. 413 मध्ये धुळीला मिळाली. सात हजारांहून कमी नसतील इतके कैदी सिसिलीतल्या सिराक्यूज शहराच्या दगडखाणींत कोंडले गेले, दिवसा ऊन आणि रात्री गारठा, माणशी पेलाभर पाणी आणि दोन पेले धान्य. चरित्रकार प्लुटार्कनं पुढचं लिहून ठेवलंय. सिराक्यूजच्या लोकांना युरिपिडीसच्या पदांचं वेड होतं. ज्या कैद्यांना ती पाठ होती, त्यांतल्या काहींना ती शिकवल्याबद्दल सोडून देण्यात आलं. लढाईनंतर रानोमाळ भटकणाऱ्या काहींना पदं म्हणून दाखवल्यावर अन्नपाणी मिळालं. जगून-वाचून अथेन्सला परतलेली ती माणसं म्हाताऱ्या युरिपिडीसला भेटायला गेली आणि त्याचे आभार मानून आली.