फोटोत मूळ दिसत नाही

श्रावण लागला की माझ्या व्हॉट्सॲपवर अळंब्यांचे फोटो यायला लागतात. "ही खायची आहे का, बघ ना." यंदा सात-आठ आलेत. एकालाही मी "हो" म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. ज्यांना त्याचं वाईट वाटलं, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझं आजोळ सिंधुदुर्गातलं. तिथे वारुळाला रोयण म्हणतात, सातेरी देवी म्हणून पुजतात, त्यामुळे त्यावर कुणी कुदळ घालत नाही. वाळवी आत बुरशीचा मळा करते आणि पावसात त्याच बुरशीची छत्री वर येते. वारूळ मोडलं की तिथली अळंबी संपली.

मामीबरोबर मी पहाटे जायचे. ती अळंबी कधी उपटायची नाही. देठाभोवतीची माती बोटांनी उकरत वीतभर खाली जायची. देठ निमुळता होत मुळासारखा खोल गेलेला दिसला, तरच टोपलीत. "मूळ बघल्याशिवाय घालू नको," एवढंच म्हणायची. तळाशी गड्डा आणि त्याभोवती फाटक्या पिशवीसारखं आवरण दिसलं की तिथेच सोडून हात धुवायची. ती पिशवी अमानिटा नावाच्या अळंब्यांच्या गटाची खूण, आणि त्यातल्या काही जाती माणसाचा जीव घेतात. हे सगळं मातीखाली असतं. तुम्ही फोटो वरून काढता. शिवाय मामी जायची ती वर्षानुवर्षं ओळखीच्या चार रोयणींवरच, नव्या जागी नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या लॉनवर ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या आल्या. शेजारच्यांनी चांदीचं नाणं टाकून शिजवल्या. नाणं काळं पडलं नाही, म्हणून खाल्ल्या. दोन तासांत उलट्या-जुलाब, मग दोन दिवस सलाइन. उरलेली एक टोपी मी रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली. सकाळी कागदावर बीजाणूंची हिरवट भुकटी पडलेली. त्यावरून कळलं, लॉनवर सर्रास उगवणारी ही विषारी जात. कोवळेपणी तिच्या टोपीखालच्या पाकळ्या पांढऱ्याच असतात, म्हणून फसगत होते. चांदीचं नाणं, लसूण, तांदूळ, "किडे खातात म्हणजे चांगली", यातल्या कशानेही विष कळत नाही.

तरी त्यांचं नशीब. अमानिटाचं विष उकळून जात नाही आणि बहुधा सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, काहीच जाणवू देत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, ते थांबले की माणसाला बरं वाटतं, घरचेही निश्चिंत होतात, आणि आत यकृत निकामी होत असतं. 2022 च्या एप्रिलमध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन 13 माणसं गेली, बरीचशी चहामळ्यांतली. शंका आली तर लक्षणांची वाट बघू नका. उरलेली अळंबी कागदी पिशवीत घालून तडक दवाखाना गाठा.

खायची हौस असेल तर धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, घरी लावा. मी बाल्कनीशेजारच्या खोलीत लावते. पेंढ्याचे बोटभर तुकडे रात्रभर भिजवायचे, मग 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर. निथळल्यावर मुठीत दाबला तर ओल जाणवली पाहिजे, पाणी गळता कामा नये. माझे पहिले तीन बेड, म्हणजे पेंढा भरलेल्या पिशव्या, इथेच हिरव्या बुरशीने गेले. किलोभर ओल्या पेंढ्याला 20-30 ग्रॅम स्पॉन, म्हणजे अळंबीचं बियाणं, थराथरांत. पिशवीला भोकं पाडून पंधरा-वीस दिवस अंधारात. पेंढा पांढराफेक झाला की पिशवी कापायची, हवा खेळती ठेवायची आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचं. टोपीची कड वर वळायच्या आत काढा, नाहीतर बीजाणू उडून खोकला लागतो. स्पॉन ओळखीच्या, खात्रीच्या ठिकाणचंच घ्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी प्रकल्प आहे, तिथे चौकशी करा.

माझे दोन बेड पांढरे झालेत. शनिवारी सकाळी पिशव्या कापणार आहे, कुणाला बघायचं असेल तर घरी या.