‘ढिम्म हलला नाही, प्लॅस्टिकचा वाटतो’: क्वीन्सलँडच्या सर्पघराकडून उत्तर

नमस्कार. दोन तारे देऊन तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात: हिरवा अजगर तासाभरात हलला नाही, त्याच पाटीखाली पिवळा साप दाखवून फसवलं, काच धुरकट होती आणि हातात घेऊ दिला नाही.

पिवळ्याचं आधी. ते हिरव्याचंच पिल्लू. न्यू गिनीत ही पिल्लं पिवळी किंवा विटकरी निघतात; इथे ऑस्ट्रेलियात, उत्तर क्वीन्सलँडमधल्या केप यॉर्कच्या आयर्न रेंज जंगलातली फक्त पिवळी. ती रानाच्या कडेला, उजेडात, दिवसा सापसुरळ्या धरतात. लांबी साधारण ५५-६० सेंमी झाली की रंग पालटतो, मुक्काम वर पानोळ्यात हलतो आणि शिकार रात्रीची होते. पाटीवर यातलं काही नव्हतं, ही चूक आमची.

हलण्याचं म्हणाल तर तास सोडा, दिवसभर थांबला असतात तरी फरक पडला नसता. आडव्या फांदीवर दोन्हीकडे वेटोळी टाकायची, मधोमध डोकं ठेवायचं, एवढाच त्याचा दिवस. अंधार पडला की तो खाली उतरतो आणि शेपटीने फांदी धरून, डोकं जमिनीकडे करून लटकतो. ओठांच्या खवल्यांतल्या खाचा उंदराची ऊब टिपतात. (आंबोलीच्या हिरव्या चापडा सापाची आठवण झाली म्हणालात, ती रास्त आहे. पण त्याची खाच डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये असते, आणि तो विषारी. हा बिनविषारी.)

काच धुरकट होती कारण तुम्ही सकाळच्या फवारणीनंतर लगेच आलात. वेटोळ्यांवर साचलेले थेंब तो चाटून पितो. दुपारपर्यंत पेटी सुकावीच लागते. कायम ओल राहिली तर कातडी आणि फुप्फुसं बिघडतात, फार कोरडं झालं तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते.

हातात मात्र देणार नाही. फांदीला शेपटीने घट्ट धरलेलं पिल्लू ओढलं की मणका दुखावतो आणि शेपटीला कायमचा बाक येतो. मोठ्याला दोन-तीन आठवड्यांनी एक उंदीर मिळतो. पोट भरलेलं असताना सापाला हाताळलं तर तो खाल्लेलं ओकून टाकतो. शिवाय पुढचे दात चांगलेच लांब आहेत.

पुन्हा आलात तर दिवे मालवल्यानंतरच्या फेरीला या, लाल उजेडाची बॅटरी आम्ही देतो. जुनं तिकीट दाखवा, वेगळे पैसे घेणार नाही.