दोघांची सुट्टी शुक्रवारी संध्याकाळी ठरते

शनिवार-रविवार घरीच काढायचा, आंबोलीला गाडी पळवायची नाही, असं ठरवणारी बरीच जोडपी बेळगावात आहेत. फार चांगलं करतात. पण रविवारी रात्री बहुतेक घरांत एकाचीच झोप पूर्ण झालेली असते. दुसऱ्याचे, म्हणजे बहुतेक वेळा तिचे, दोन्ही दिवस ओट्यापाशी गेलेले असतात. म्हणून माझं ठाम मत: सुट्टीच्या दिवशी कुणीही एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त ओट्यापाशी उभं राहायचं नाही. स्वयंपाकही त्या हिशेबानेच ठरवायचा.

सुरुवात पिठापासून करा. 3 वाट्या इडलीचा तांदूळ, 1 वाटी उडीदडाळ, 1 चमचा मेथी. 5-6 तास भिजणं पुरे. शुक्रवारी सकाळी भिजत घालून कामाला जाणार असाल तर भांडी फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत डाळीला आंबूस वास सुटतो. डाळ आधी वाटा, थंडगार पाणी थोडं थोडं घालत. मिक्सर तापला की डाळ तापते आणि पीठ हलकं होत नाही. तांदूळ किंचित रवाळच ठेवा. दोन्ही पिठं एकत्र करून हाताने कालवा आणि भांडं अर्धंच भरा, मे महिन्यात पीठ रात्रीतून उतू जातं.

थंडीत मात्र उलटं होतं. आपलं गाव सुमारे 750 मीटर उंचीवर, डिसेंबर-जानेवारीत पीठ सकाळी जसंच्या तसं. तेव्हा भांडं कोमट पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून वरून जाड चादर गुंडाळा आणि 12-14 तास द्या. गरम शेगडीवर ठेवू नका, तळाचं पीठ शिजतं आणि वरचं तसंच राहतं. शनिवारी इडली 10-12 मिनिटं वाफवायची, गॅस बंद करून 5 मिनिटं थांबायचं, मग काढायची. उरलेलं पीठ लगेच फ्रीजमध्ये. रविवारी त्याचेच डोसे.

चार वाजताच्या चहाबरोबर कांदाभजी तळत बसण्यापेक्षा भडंग करून ठेवा. पाव किलो चुरमुरे कढईत मंद आचेवर चुरचुरीत होईपर्यंत परता, पावसाळ्यात तर हे हवंच. फोडणीला साधारण 4 मोठे चमचे तेल, मूठ-दोन मूठ शेंगदाणे, 10-12 ठेचलेल्या लसूणपाकळ्या, कढीपत्ता. लसूण आणि कढीपत्ता पूर्ण कुरकुरीत झाला पाहिजे. त्यातलं पाणी राहिलं की दुसऱ्या दिवशी चुरमुरे मऊ पडतात. गॅस बंद केल्यावरच हळद आणि तिखट घाला, उकळत्या तेलात तिखट करपून कडू होतं. रंगाला ब्याडगी, झणका हवा तर थोडी संकेश्वरी. मीठ आणि पिठीसाखर शेवटी. डब्यात भरायची घाई नको, गरम भडंगाची वाफ झाकणाला धरते आणि सगळी मेहनत वाया जाते.

रविवारच्या मटणाला शनिवारी रात्रीच हळद, मीठ, आलं-लसूण लावून फ्रीजमध्ये ठेवा. ते आणायला कोण जाणार आणि कांदा कोण चिरणार हे मात्र शुक्रवारी संध्याकाळीच ठरवा. सकाळी ठरवायला गेलं की वाद होतो.

नळाचं पाणी हा वेगळा प्रश्न. ज्या गल्लीत ते रोज येत नाही, तिथे पाळी रविवारी पहाटे आली तर झोपेचं खोबरं होतं. म्हणून टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह बसवून घ्या, पाणी पातळीला आलं की आपोआप बंद होतं. वर्षातून दोनदा तो हाताने उचलून बघा, क्षार चढला की अडकतो. जुलै-ऑगस्टमध्ये धुणं गुरुवारीच उरका, इथल्या पावसात जीन्स दोन दिवस वाळत नाही आणि ओल्या कपड्यांच्या दोऱ्या घरभर असल्या की सुट्टी सुट्टीसारखी वाटत नाही.

दुपारची झोप 20-30 मिनिटांची, गजर लावून. तासभर झोपलात तर बहुतेक वेळा गाढ झोपेतून उठता, डोकं जड होतं आणि रात्री लवकर डोळा लागत नाही. त्या वेळात दोघांचेही फोन एकाच खणात राहू देत. सासर-माहेरचे फोन सकाळी दहालाच करून टाका आणि बोलता बोलता सांगून ठेवा, येणार असाल तर संध्याकाळी सहानंतर या, भडंग तयार आहे.