पटायाचं गणित पौंडातलं आहे, भावजी

‘पुण्यात कुढण्यापेक्षा पटायात जगा’ या मथळ्याचा मजकूर गेल्या महिन्याभरात मला चौघांनी पाठवला. पहिले माझे दीर. भावजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, कोथरूडला राहतात, आणि हा मजकूर आल्यापासून जेवताना बाटाचा, म्हणजे थाई चलनाचा, भाव विचारतात. जाऊबाई काही बोलत नाहीत, फक्त आमटी वाढतात.

मजकूर थोडक्यात असा: कोथरूडचा फ्लॅट भाड्याने द्या आणि थायलंडला चला. पन्नाशीनंतर निवृत्तांचा व्हिसा मागेल त्याला मिळतो. महिन्याला ४० हजार रुपयांत राजासारखं राहाल. समुद्रासमोर स्वतःचं घर होईल, उपचार जवळजवळ फुकट, कर शून्य. आणि शेवटी ठसठशीत अक्षरांत: ‘युरोपातले हजारो म्हातारे तिथे जाऊन राहिलेत, ते काय वेडे आहेत?’

मी एका बँकेच्या परकीय चलन विभागात बावीस वर्षं काढली. शिवाय माझा धाकटा भाऊ चाकणहून थायलंडमधल्या रायोंगच्या गाड्यांच्या कारखान्यात गेला, तेव्हा जोमटिएनला त्याच्याकडे दोन खेपांत मिळून अकरा आठवडे राहिले. जोमटिएन म्हणजे पटायाच्या दक्षिणेचा किनारा. त्यामुळे या विषयात बोलायचा माझा थोडा हक्क आहे असं मी समजते.

शेवटची ओळ आधी घेते, कारण बाकीचा सगळा मजकूर तिच्या खांद्यावर बसलाय.

ते म्हातारे वेडे नाहीत. आपल्या खिशातल्या नाण्याचा हिशोब करून ते आले होते. २००५ साली एका पौंडाला सत्तरच्या वर बाट मिळत. ब्रिटनचं मूळ सरकारी पेन्शन तेव्हा आठवड्याला ८२ पौंड होतं, म्हणजे पावणेसहा हजार बाट. महिन्याला जवळजवळ पंचवीस हजार बाट नुसत्या सरकारी पेन्शनचे, त्यावर कंपनीचं पेन्शन असलं तर ते, आणि मायदेशी विकलेल्या घराचे पैसे. अशा माणसाला पटाया स्वस्तच पडणार.

त्याच साली एक बाट आपल्याला साधारण एक रुपया दहा पैशांना पडत होता. आज तो अडीच रुपयांच्या पुढे आहे. म्हणजे त्यांच्या खिशातून पाहिलं तर ते शहर स्वस्त होतं, आणि आपल्या खिशातून पाहिलं तर वीस वर्षांत दुपटीहून महाग झालं. भावजी २००५ ला गेले असते तर कदाचित जमलंही असतं. तेव्हा ते कालव्याच्या कामावर होते आणि पटाया हा शब्द आमच्या घरात उच्चारला जात नव्हता.

बरं, पौंडवाल्यांचं तरी आज काय चाललंय? भावाच्या मजल्यावर एक इंग्रज आजोबा राहत. यॉर्कशायरला बस चालवायचे. थायलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या पेन्शनरांना ब्रिटिश सरकार दरवर्षीची वाढ देत नाही. माणूस तिथे गेला त्या दिवशीचा आकडा तसाच गोठतो. (भारतात येऊन राहिलेल्यांनाही हाच नियम आहे.) मायदेशी राहिलेल्याचं तेच मूळ पेन्शन २०२५ मध्ये आठवड्याला १७६ पौंडांवर गेलं. २००५ मध्ये निघालेल्याला आजही ८२. त्यात २०१९ च्या अखेरीस पौंड चाळीस बाटांच्या आसपास उतरला होता, म्हणजे पावणेसहा हजारांचे सव्वातीन हजार झाले. आजोबांनी आधी गाडी विकली, मग समुद्राकडची खोली सोडली. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवरून भात घेऊन यायचे आणि जिन्यात भेटले की माझ्या साडीची चौकशी करायचे. परत का जात नाही, असं मी एकदा विचारलं. घर विकलंय, म्हणाले, आणि किल्ली शोधायला लागले.

सगळेच असे नाहीत. नोव्हेंबरात येऊन मार्चमध्ये परतणारे पुष्कळ. त्यांचं घर, डॉक्टर, नातवंडं मायदेशीच असतात. थंडी चुकवायला आलेला हा पाहुणा आणि घरदार मोडून आलेला माणूस, दोघंही सकाळी सातला त्याच वाळूवरून चालतात, त्याच जर्मन बेकरीत बसतात. फोटोत सारखेच दिसतात. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा फोटोच पाहिलेत.

आता व्हिसा. वय पन्नास पूर्ण हवं, एवढं खरं. पुढचं मजकुरात नाही. त्यासाठी थाई बँकेत आठ लाख बाट ठेवायचे, किंवा महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न दाखवायचं, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे आठ लाख भरले पाहिजेत. हिशोबाला सोपं म्हणून बाट अडीच रुपयांचाच धरू. आठ लाख म्हणजे वीस लाख रुपये. ६५ हजार म्हणजे महिन्याला एक लाख साडेबासष्ट हजार. ४० हजारांत राजासारखं राहता येतं, असं खुद्द थाई सरकारलाच वाटत नाही!

आणि ते आठ लाख खर्चायचे नसतात. व्हिसाच्या मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने ते खात्यात मुरलेले हवेत, परवानगी मिळाल्यावर तीन महिने हात लावायचा नाही, आणि नंतरही वर्षभर शिल्लक चार लाखांखाली उतरता कामा नये. दरवर्षी हेच. शिवाय दर ९० दिवसांनी ‘मी याच पत्त्यावर आहे’ अशी वर्दी द्यायची. नोकरी करायची नाही. वर्षाच्या मधे देशाबाहेर जायचं तर निघण्यापूर्वी परतीचा परवाना काढायचा. विसरलात तर मुदतवाढ रद्द, पुन्हा श्रीगणेशा. भारतातूनच वर्षाचा व्हिसा काढून निघायचं म्हटलं तर पोलिसांचा दाखला, आरोग्य विमा आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग नाही, असं त्यात लिहून द्यावं लागतं. दहा वर्षांचा एक व्हिसा आहे, पण तो १४ देशांच्या नागरिकांसाठी. त्या यादीत जपान आहे, स्वित्झर्लंड आहे, भारत नाही.

जोमटिएनच्या सोई पाचमध्ये, म्हणजे पाचव्या गल्लीत, इमिग्रेशनचं कार्यालय आहे. भावाबरोबर मी तिथे गेले होते. सकाळी साडेआठला रांगेत पांढऱ्या केसांचे दीडदोनशे पुरुष, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात पासबुकाच्या झेरॉक्स. त्याच सकाळी बँकेत जाऊन शंभर बाट भरायचे, म्हणजे पासबुकात आजच्या तारखेची नोंद पडते, ही युक्ती मला तिथल्याच एका जर्मनाने शिकवली. जन्मभर पासबुकं भरून दिलेल्या बाईला हे दृश्य पाहून हसू आवरेना. आपल्याकडे नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला जी रांग लागते, तिचंच हे भावंड. फरक एवढाच, की आपल्या रांगेत कागद चुकला तर पुन्हा या म्हणतात. तिथे चुकला तर मुदत संपेपर्यंत देश सोडायची पाळी येऊ शकते.

‘समुद्रासमोर स्वतःचं घर.’ परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन घेता येत नाही. बंगला म्हणजे जमीन आलीच, म्हणून ३० वर्षांचा भाडेपट्टा. इमारतीतला फ्लॅट नावावर होतो, पण त्या इमारतीच्या एकूण क्षेत्रफळातले ४९ टक्केच परदेशी लोकांच्या मालकीचे असू शकतात, आणि पैसा परकीय चलनात बाहेरून आल्याचा बँकेचा कागद लागतो. एजंट ‘थाई कंपनीच्या नावावर घेऊ, सह्या आम्ही आणतो’ म्हणाला, तर उठून यावं. नावापुरते भागीदार उभे करणं तिथे गुन्हा आहे.

उपचारांबाबत मजकूर धोकादायक आहे. थायलंडची ‘तीस बाटांत उपचार’ ही योजना गाजलेली, २००१ पासूनची, पण ती थाई नागरिकांसाठी. सरकारी रुग्णालयातही परदेशी माणसाला वेगळा, चढा दर. खासगी रुग्णालयं उत्तम आहेत, लॉबीत पियानो असतो, आणि दाखल करून घेण्याआधी विम्याचं कार्ड नाहीतर अनामत मागतात. आपली इथली मेडिक्लेम पॉलिसी सहसा भारतातल्याच उपचारांना चालते. अमेरिकन म्हाताऱ्यांचं मेडिकेअरही देशाबाहेर चालत नाही. सत्तरीनंतर नवी पॉलिसी मिळणं कठीण, मिळाली तर जुनी दुखणी वगळून. भावजींना दोन स्टेंट आहेत. ते ‘वगळून’ म्हणजे मग उरलं काय?

कर आणि भाडं, हा माझा प्रांत, म्हणून जरा थांबते. वर्षात १८० दिवस थायलंडमध्ये काढले की तुम्ही तिथले करदाते ठरता, आणि १ जानेवारी २०२४ पासून बाहेरून आणलेलं उत्पन्नही तिथे कराच्या कक्षेत आलं. दोन देशांत करार असल्याने दुहेरी कर टळतो, पण ‘कर शून्य’ असं काही नाही. इकडे तुम्ही अनिवासी झालात की आणखी मजा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं बंद. टीडीएस कापू नका म्हणून आपण दर एप्रिलमध्ये बँकेत जो फॉर्म भरतो, तो निवासी लोकांचा, तुम्हाला चालत नाही. आणि ज्या फ्लॅटच्या भाड्यावर हा सगळा डोलारा उभा, त्या भाड्यातून भाडेकरूने ३० टक्के आणि वर उपकर कापून सरकारजमा करायचा असतो. कोथरूडमध्ये असा भाडेकरू शोधून दाखवा! त्याला ही झंझट समजावून सांगेपर्यंत तो कर्वेनगरला घर घेऊन मोकळा होईल. नंतर विवरणपत्र भरून जास्तीचा कर परत मिळतो, हे खरं. पण महिन्याचा खर्च परताव्यावर चालत नाही.

आठ लाख बाट पाठवतानाही तेच. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवायला रिझर्व्ह बँकेची मुभा आहे, पण एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो कर, आधी भरावा लागतो. वीस लाख पाठवायचे तर दोन लाख आणखी हाताशी हवेत. तेही पुढे वळते होतात. पुढे.

राहिले ४० हजार रुपये, म्हणजे १६ हजार बाट. भाऊ समुद्रापासून दोन गल्ल्या आत, एका खोलीच्या फ्लॅटला १४ हजार बाट भाडं देत होता. वीज वेगळी, आणि एसीशिवाय तिथे एप्रिल निघत नाही. आतल्या बाजूला सहा हजारांतही खोली मिळते. तिथून समुद्र दिसत नाही, शेजारच्या बारमधली गाणी मात्र पाठ होतात. गाडीवरचा भात-भाजीचा एक डबा साठ बाटांना, म्हणजे दीडशे रुपये. याच्याहून स्वस्त आणि पोटभर मी नळस्टॉपला जेवते. शाकाहाऱ्याने आणखी एक लक्षात ठेवावं: भाजी म्हणून जे येतं त्यात माशाचा सॉस असतोच. ‘जे’ या थाई शब्दाने मागितलं तर शुद्ध शाकाहारी मिळतं, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत तशी पाटी असते. त्यात कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मासाची सोय आपोआप झाली.

हे सगळं वाचून मला पटाया आवडलं नाही असं वाटेल. आवडलं. सकाळचं पाणी कोमट असतं, किनाऱ्यावरून न अडखळता तासभर चालता येतं, आणि सोंगथेव म्हणजे आपल्या वडापचीच थाई बहीण. हात केला की थांबते, उतरताना घंटी दाबायची. साठीच्या बाईने एकटीने समुद्रात डुंबलं तर कोणी वळून बघत नाही. हे मला तळजाईवर मिळत नाही.

म्हणून भावजींना मी वेगळं सुचवलं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन टाका आणि डिसेंबरात दोघं पाहुण्यांसारखे जा. भारतीयांना व्हिसाविना राहायची मुदत थायलंडने जुलै २०२४ मध्ये ६० दिवसांची केली. निघण्याआधी ती पुन्हा तपासा, हे नियम वरचेवर बदलतात. भाड्याची खोली घ्या, प्रवासाचा विमा काढा, स्टेंटचे कागद जवळ ठेवा. फ्लॅटला कुलूप लावा, भाडेकरू नको.

भावजींनी कागदावर आकडे मांडले, दोनदा खोडले. जाऊबाई महिन्याभरात पहिल्यांदा या विषयावर बोलल्या. तिथे शेंगदाणे मिळतात का, एवढंच विचारलं.

मिळतात. भाजलेलेही.