राजे होते तेव्हा कलावंतांना मान होता? कुणाला होता तेवढं सांगा

गेल्या आठवड्यापासून एक फॉरवर्ड फिरतोय. मला तो तीन ग्रुपवर आला, शाळेच्या, सोसायटीच्या आणि आमच्या गाण्याबजावण्यातल्या लोकांच्या, आणि या तिसऱ्या ग्रुपवर त्याला सगळ्यात जास्त अंगठे पडले म्हणून राहवेना. मजकूर थोडक्यात असा की राजेरजवाडे होते तोवर कलावंताला दरबारात मान होता, पोटाची काळजी नव्हती म्हणून खरी साधना व्हायची, मग तिकिटं आली आणि गाणं बाजारात बसलं, घरंदाज गायकी बुडाली, आणि आता चार गायक कोट्यधीश अन् बाकीचे अस्सल कलावंत उपाशी. खाली हात जोडलेले आणि "खऱ्या रसिकांपर्यंत पोचवा".

मी पेटी वाजवतो, साथीला. पोटासाठी नोकरी आहे, पेटीवर पोट भरलं असतं असं मला कुणी आजवर म्हणालेलं नाही. त्यामुळे जळफळाट वगैरे समजू नका, एकेक मुद्दा घेऊ.

"दरबारात मानाचं स्थान होतं." बरं. गवई विष्णु दिगंबर पलुस्करांचं उदाहरण घ्या, कारण त्यांना दरबारी मान मिळत होता. कुरुंदवाडचा मुलगा, फटाक्याने डोळे अधू झाले म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवला, आणि त्याचा खर्च मिरजेच्या संस्थानाने केला. इथवर फॉरवर्ड बरोबर. पण १८९६ साली हा माणूस मिरज सोडून निघून का गेला? किस्सा असा सांगतात की गावात कसलासा मोठा समारंभ होता, विष्णुबुवांना बोलावणं होतं आणि त्यांच्या गुरुजींना नव्हतं, विचारलं तर उत्तर आलं की ते काय, गवई. म्हणजे ज्या बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी या मुलखात आणली, त्यांची गावच्या प्रतिष्ठितांच्या यादीत जागा नव्हती. पंत, वकील, मामलेदार सगळे होते.

बडोद्याचं बघा. सयाजीराव गायकवाडांसारखा राजा शोधून सापडणार नाही हे मी पण मानतो, १८८६ला गवई मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली त्यांनी. पण दरबारातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची व्यवस्था ज्या खात्याकडे होती त्याचं नाव काय, तर कलावंत कारखाना. आपल्याकडे जुने अठरा कारखाने असायचे ना, पीलखाना म्हणजे हत्तींचा, तोफखाना, मुदपाकखाना, त्याच चालीवर. याच बडोद्यात किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँ तरुणपणी नोकरीला होते, तिथे सरदार मान्यांच्या घरची मुलगी ताराबाई आणि ते प्रेमात पडले, आणि दोघांना गाव सोडून पळावं लागलं. गाणं ऐकायला खाँसाहेब चालत होते, जावई म्हणून नव्हते. (त्या दोघांची मुलं म्हणजे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे. बडोद्याने काय गमावलं ते मोजा.)

जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब तरुणपणी एका छोट्या संस्थानात होते, तिथल्या मालकाला गाण्याचा एवढा शौक की गाऊन गाऊन खाँसाहेबांचा आवाजच बसला, आणि त्या बसलेल्या आवाजातून त्यांनी पुढे आपली गायकी नव्याने उभी केली. लोक ही गोष्ट गायकी कशी घडली म्हणून सांगतात, मला त्यात आधी नोकर दिसतो. मालक गा म्हणतोय तोवर गायचं.

कोल्हापूर मात्र वेगळं, हे लिहिलं नाही तर आमच्याकडचे लोक मला सोडणार नाहीत आणि ते खरंही आहे. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना खरंच मानाने ठेवलं, पॅलेस थिएटर बांधलं, तेच नंतरचं केशवराव भोसले नाट्यगृह जे ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं आणि अख्खं कोल्हापूर रडलं. पण इथेच दुसरा मुद्दा येतो.

"पोटाची काळजी नव्हती." शाहू महाराज ६ मे १९२२ला गेले आणि खाँसाहेब कोल्हापूर सोडून मुंबईला आले. तेव्हा त्यांचं वय साधारण पासष्टीच्या पुढे. इतका मोठा गवई, आणि त्या वयात नवं गाव, नव्या शिकवण्या, नवे शेटजी. राजाश्रय म्हणजे एका माणसाची आवड, तो माणूस गेला, किंवा त्याच्या मुलाला गाण्यापेक्षा शिकारीचा नाद असला, की नेमणूक संपली. पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या नावावर किती शाहीर, किती नाचणाऱ्या होत्या, १८१७ला शनिवारवाड्यावर निशाण बदललं आणि सगळं एका फटक्यात गेलं. याला "काळजी नव्हती" म्हणायचं असेल तर मग कंत्राटी कामगारालाही काळजी नसते.

आणि हे झालं वरच्या दहावीस नावांचं. त्यांच्या मागे बसणारा सारंगिया, तबलजी, त्याची नावं सुद्धा कुठे लिहिलेली नाहीत. अजून खाली या, गावात. लग्नात सनई-सूर वाजवणारे, देवळात चौघडा वाजवणारे गुरव, हलगी बडवणारे मांग, होलारांचा ताफा, गोंधळ्यांचं संबळ, हे सगळे संगीतकार नव्हते का? यांचं वाजवणं हे काम होतं, जातीने आलेलं, नाही म्हणायची सोय नसलेलं, बदल्यात सुगीला धान्य आणि लग्नात शेवटच्या पंगतीनंतरचं जेवण, मांग-होलारांना तर ते पण मांडवाबाहेर. मिरवणुकीत सगळ्यात पुढे चालणारा हलगीवाला देवळाच्या पायरीवर थांबायचा. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर गावोगावच्या पोरांनी गावकीची कामं टाकून दिली, त्यात कुठे कुठे हलगी-डफडं पण टाकलं, तेव्हा "परंपरा बुडाली" म्हणून हळहळणारे लोक आणि हा फॉरवर्ड लिहिणारे लोक यांच्यात मला फार फरक दिसत नाही. ज्याच्या खांद्यावर परंपरा होती त्याला विचारा ना.

मिरजेची एक गोष्ट मध्येच सांगतो, जरा विषयांतर आहे. आमच्याकडे सतारमेकर गल्ली आहे, तंबोरे देशभर जातात, २०२४ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. हे कारागीर मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. लढाया संपल्या, हत्यारांचं काम गेलं, तेव्हा या लोकांनी भोपळे कोरायला घेतले. राजे लढायचे थांबले म्हणून हा धंदा उभा राहिला असं म्हणा ना!

"तिकीट आलं आणि गाणं बाजारू झालं." यावर फार वेळ घालवत नाही. विष्णु दिगंबर मिरजेहून निघाले ते तिकीट लावून जलसे करत फिरले, आणि ५ मे १९०१ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या पैशावर. पुढे मुंबईत मोठी इमारत बांधली, कर्ज फिटलं नाही आणि लिलाव झाला, तेही खरं, तिकिटाने सगळं भागतं असं कुणीच म्हणत नाहीये. पण तिकिटाने एक गोष्ट झाली, चार आणे देणारा पोस्टमन पण ऐकायला बसला, आणि गवई कुणा एकाचा राहिला नाही. संगीत नाटकं १८८० पासून तिकिटावरच चालली की. बालगंधर्वांना लोकांनी डोक्यावर घेतलं ते तिकीट काढून, आणि त्याच वेळी "नाटक्याला मुलगी देऊ नका" म्हणणारे पण तेच लोक होते, हे पण लक्षात ठेवा.

आता "घरंदाज". या शब्दाने माझं डोकं खरं फिरलं, कारण आज आपण ज्यांना घरंदाज गायकी म्हणून नमस्कार करतो ती गेल्या शतकात ज्यांनी पेलली त्या बायकांना स्वतःला "घर" नाकारलेलं होतं. केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, दोघी गोव्यातल्या, कलावंत समाजातल्या. देवळाची सेवा, यजमानाची मर्जी, लग्न नाही, मुलांना बापाचं नाव नाही. तिथल्या लोकांनी स्वतः उठून हे बंद केलं, गोमंतक मराठा समाज म्हणून संघटना बांधली, आणि गंमत बघा, काय केलं तर मुलींना गाणंनाचणं सोडायला लावून शाळेत घातलं. ज्या कलेचा तुम्हाला अभिमान वाटतो ती सोडली तरच इज्जत मिळेल असं त्यांना वाटत होतं. उगाच वाटत नव्हतं.

मोगूबाई लहानपणी नाटक कंपनीत, मग सांगलीला मेहनत करताना आवाज अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर पडला आणि तालीम सुरू झाली. एवढी मोठी गायिका, १९७४ला पद्मभूषण, पण त्याआधी किती वर्षं मैफलीला थर्ड क्लासने जायचं, उतरायला हॉटेल नाही, कुणाच्यातरी घरी, हातात पडेल ती बिदागी. हे त्यांच्या मुलीने, किशोरीताई आमोणकरांनी स्वतः सांगून ठेवलंय, तंबोऱ्याला मागे बसून त्यांनी हे सगळं पाहिलं. मग मोठेपणी किशोरीताई अटी घालायच्या, खोली अशी हवी, हॉलमध्ये चहापाणी फिरवायचं नाही, मधे बोलायचं नाही, तेव्हा पेपरात आणि पारावर सगळीकडे "किती नखरे बाईंचे". आज त्याच अटी नवीन मुलं करारात लिहून घेतात आणि त्याला प्रोफेशनल म्हणतात!

हिराबाई बडोदेकरांनी पण तेच केलं पण वेगळ्या वाटेने, दोन्ही खांद्यांवरून पदर, हातवारे नाहीत, शांत बसून गाणं, आणि थेट तिकीट लावून जाहीर मैफल. बाई खाजगी बैठकीत न गाता थिएटरात गाते आणि कुणीही घरातल्या बायकामुलांना घेऊन येऊ शकतो, ही त्या काळी बातमी होती. यातलं काहीही राजाने दिलेलं नाही.

सरकारने काय केलं म्हणाल तर दोन्ही केलं. स्वातंत्र्याच्या सुमारास आकाशवाणीने ठरवलं की ज्यांच्या खाजगी आयुष्याबद्दल लोक बोलतात अशा बायकांना माईक नाही, म्हणजे कोठीवाल्या घरात. मग ऑडिशन आणि ग्रेड आल्या, ज्यांना ग्रेड मिळाली त्यांना ठराविक तारखेला ठराविक चेक मिळायला लागला, ज्याची दरबारात पण खात्री नव्हती. आमच्या पेटीवर तर १९४० पासून तीसेक वर्षं रेडिओवर बंदीच, परदेशी वाद्य, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही वगैरे. तेव्हाच्या पेटीवाल्यांनी काय खाल्लं असेल देव जाणे.

राहिलं "आज चार कोट्यधीश, बाकी उपाशी". हे अर्धं मान्य. पण मग ही दरी आजची नाही आणि राजे नसल्यामुळे पण नाही. गोव्याचे क्रिश्चन वादक बघा, चर्चच्या शाळेत पोर्तुगीज काळापासून नोटेशन वाचायला शिकलेले, मुंबईत क्लबांत आणि ताजमध्ये बँड वाजवायचे, दारूबंदी आली तसं क्लबांचं काम आटलं आणि ते फिल्म स्टुडिओत आले. आपण ज्या गाण्यांवर जीव टाकतो त्यांचं अर्धं ऑर्केस्ट्रेशन या लोकांचं, पण पडद्यावर नाव नाही. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव घराघरात पोचलं ते त्यांचे शिष्य प्यारेलालजींनी १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात घातलं म्हणून, आणि ऐकणाऱ्याला वाटतं ते नुसतं कॅरेक्टरचं नाव आहे. वादकाला दिवसाच्या रेकॉर्डिंगचे पैसे, गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी त्याचा त्यात छदाम नाही. लताबाईंनी साठच्या दशकात गायकाला रॉयल्टी हवी म्हटलं तर ते न पटलेल्या रफीसाहेबांशी काही वर्षं बोलणं बंद, आणि कायद्यात गायकांच्या रॉयल्टीची सोय झाली २०१२ला. लताबाईंना पन्नास वर्षं थांबावं लागलं तर ढोलकीवाल्याचं काय घेऊन बसलात.

तमाशात तर अजून उघड आहे. विठाबाई नारायणगावकर, दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान, आणि २००२ला गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भरलं. आज राज्य सरकार वृद्ध कलावंतांना महिना ५००० रुपये मानधन देतं, २०२४च्या आधी तर त्यात पण अ, ब, क वर्ग होते, क वर्गाला २२५०. गॅस, किराणा आणि बीपीच्या गोळ्या, हिशोब तुम्हीच करा. तरी पाडव्याच्या सुमाराला नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे लोक यात्रेची सुपारी द्यायला येतात, फडमालक उचल घेऊन पुन्हा फड उभा करतो. हा धंदा राजाच्या नाही, यात्रा कमिटीच्या जिवावर चाललाय, आणि कमिटीने ठरलेले पैसे पूर्ण दिले तरच चालतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर गेल्या वर्षी एका कार्यक्रमात गायिकेला पाकीट, निवेदकाला पाकीट, आणि तबलजीला अन् मला शाल-नारळ. तबलजीचं घर फक्त तबल्यावर चालतं. आमच्या संगीताच्या ग्रुपवर ज्या दादांनी हा फॉरवर्ड टाकलाय ना, तेच त्या कार्यक्रमाचे आयोजक होते. दादा, कलावंताच्या मानाचं आपण नंतर बोलू, तबलजीचं जीपे आहे, नंबर ग्रुपवर सेव्ह असेल.